दोन चित्रपटांमधली वर्षं

२००४ साली ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, म्हणजे सुवर्णकमळ, मिळालं. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते १९५४ मध्ये. म्हणजे हा मान मराठीकडे परत यायला पन्नास वर्षं लागली. ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेतही गेला आणि डोळे गमावणार असलेल्या नातवाची नि त्याच्या आजोबांची ती गोष्ट घरोघरी पोचली. दिग्दर्शक संदीप सावंत यांचा तो पहिलाच चित्रपट होता. त्यांचा दुसरा चित्रपट, कोकणातल्या एका नदीची गोष्ट सांगणारा ‘नदी वाहते’, चित्रपटगृहांत लागला २०१७ मध्ये. मधे तेरा वर्षं गेली.

मराठीतल्या स्वतंत्र दिग्दर्शकांविषयी लिहायचं म्हटलं की व्हेनिस, बर्लिन, सुवर्णकमळ यांची यादी आपोआप पुढे येते. ती अभिमानाची आहेच. पण त्या यादीतल्या दोन नोंदींमध्ये जी वर्षं जातात, त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं आहे. इथे स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून मी ज्यांचा विचार करतो आहे, ते आपली गोष्ट स्वतः लिहितात किंवा एखाद्या लेखकासोबत बसून घडवतात आणि मग तिच्यासाठी पैसे शोधतात. अशा चित्रपटाचं चित्रीकरण महिना-दीड महिन्यात उरकतं. लिहिणं, माणसं शोधणं, जागा पाहणं, निर्माते गाठणं यांत तीन, पाच, सात वर्षं सरतात. निर्माता येतो तो पटकथा वाचून. सरकारी अनुदान येतं ते चित्रपट पूर्ण झाल्यावर. पुरस्कार त्याहून उशिरा. लिहिण्याच्या वर्षांचा खर्च मात्र दिग्दर्शकाच्या घरानेच सोसायचा असतो. कारकीर्द टिकणार की एका चित्रपटावर थांबणार हे त्या वर्षांत ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून इथे प्रत्येकाच्या चित्रपटांइतकंच त्याने त्या मधल्या वर्षांची सोय कशी लावली याकडे पाहिलं आहे.

हा प्रश्न भारतीय चित्रपटाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, रसायनकार सगळं एकटे होते. लंडनला जाण्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली. परत आल्यावर रोपट्याची वाढ दाखवणारी छोटीशी फिल्म करून भांडवलदाराला पटवलं. तरीही पैसे पुरेनात, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि चालला, त्यामुळे पुढच्या चित्रपटांना भांडवल मिळालं. पण भांडवल आलं तसे भागीदार आले आणि त्यांच्याशी मतभेदही आले. फाळके नाशिकची हिंदुस्थान कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहून बसले. दिग्दर्शकाला काम करता येईना तेव्हा त्याने लेखनाचा आधार घेतला, याचं आपल्याकडचं हे पहिलं उदाहरण असावं. पुढे ते कंपनीत परतले, पण ‘गंगावतरण’ (१९३७) हा शेवटचा चित्रपट त्यांनी केला तो कोल्हापूरच्या कंपनीसाठी, दुसऱ्याच्या पैशावर. परेश मोकाशी यांनी फाळक्यांच्याच या धडपडीवर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) केला, तेव्हा त्यांनाही स्वतःचं घर गहाण ठेवावं लागलं होतं. मधे जवळपास शंभर वर्षं गेली, तंत्र बदललं, कायदे बदलले, गहाण ठेवायची वस्तू तेवढी दागिन्यांवरून घरावर आली.

सत्तरच्या दशकात जब्बार पटेल यांनी वेगळा मार्ग काढला. ‘सामना’ (१९७५) बर्लिनच्या स्पर्धेत गेला, मग ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’. हे सगळे चित्रपट करणारा माणूस दौंडला बालरोगतज्ज्ञ होता. पोटापाण्यासाठी चित्रपटावर अवलंबून राहायचं नसल्यामुळे विषयात तडजोड करायची वेळ त्यांच्यावर कमी आली. शिवाय ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ लिहिले विजय तेंडुलकरांनी. तेंडुलकर नाटक, वृत्तपत्र, चित्रपट अशा अनेक ठिकाणी लिहून जगणारे लेखक होते, त्यामुळे लेखनाच्या वेळेचा भार एकट्या चित्रपटावर पडला नाही. दवाखाना आणि लेखणी अशा दोन खांबांवर हे चित्रपट उभे राहिले. आजच्या तरुण दिग्दर्शकाला दोन्ही दुर्मिळ आहेत.

या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते सुमित्रा भावे यांच्यापाशी. त्यांनी सलग साडेतीन दशकं काम केलं आणि त्यांची कारकीर्द कुठेही तुटली नाही. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. पुण्यातल्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत, नंतर ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात झोपडपट्टीतल्या बायकांच्या आयुष्यावर संशोधन करत होत्या. संशोधनाचा अहवाल ज्या बायकांविषयी असतो त्यांनाच तो वाचता येत नाही, ही अडचण त्यांना खुपली आणि त्यातून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ‘पाणी’लाही. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. चित्रपटाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. ते सुनील सुकथनकर यांच्याकडे होतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुकथनकर पुढे बहुतेक चित्रपटांत त्यांचे सहदिग्दर्शक राहिले आणि गीतंही लिहीत राहिले.

भावे यांचा पहिला मोठा चित्रपट ‘दोघी’ (१९९५) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) आणि दूरदर्शनच्या पैशातून झाला. लग्नाच्या दिवशी वराकडच्यांचा अपघात होतो आणि मोठी बहीण अपशकुनी ठरते, इथून ती गोष्ट सुरू होते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि उत्तरा बावकर यांचं ते काम आजही पाहावं. त्यानंतर ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘एक कप च्या’, ‘संहिता’, ‘अस्तु’, ‘कासव’. विषयांची ही रांग पाहिली तर त्यांची पद्धत कळते. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया आहे, ‘नितळ’मध्ये कोड, ‘एक कप च्या’मध्ये माहितीचा अधिकार, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य. या प्रत्येक विषयाभोवती डॉक्टर, कार्यकर्ते, रुग्णांची कुटुंबं, संस्था असा एक वर्ग आधीपासून असतो. त्या वर्गाला चित्रपटाची गरज असते, तो पैसे उभे करायला हातभार लावतो आणि पुढे चित्रपट गावोगावी नेतोही. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे ‘अस्तु’मध्ये हत्तीमागे भरकटत जाणारे वृद्ध संस्कृत पंडित झाले आणि ‘कासव’च्या निर्मितीतही उभे राहिले. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा भावे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

या चित्रपटांवर एक आक्षेप कायम घेतला गेला, की ते विषय समजावून सांगणारे चित्रपट आहेत. काही ठिकाणी तो मला मान्य आहे. ‘एक कप च्या’सारख्या चित्रपटात माहिती देण्याची घाई दिसते. पण ‘अस्तु’मध्ये हत्तीच्या माहुताची बायको ज्या सहजपणे त्या वृद्धाला आपलं मूल मानते, तिथे विषय मागे पडतो आणि माणूस समोर राहतो. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. कथा, पटकथा, संवाद त्या स्वतः लिहीत. कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही अनेकदा त्याच पाहत. युनिट लहान, चेहरे ओळखीचे, खर्च आवाक्यात. एक चित्रपट पडला तर दुसऱ्याची वाट बंद होऊ नये इतपतच जोखीम त्या घेत. शेवटचा ‘दिठी’ दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. मुलगा पुरात गेलेला लोहार आणि अडलेली गाय एवढंच त्यात घडतं, आणि भावेंच्या लेखनातली सगळी पक्वता त्यात आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि महिन्याभराने ‘दिठी’ सोनीलिव्हवर आला. थिएटरमधल्या अंधारात तो बघायला मिळाला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा मार्ग भावेंच्या अगदी उलट आहे. ‘कोर्ट’ (२०१४) आला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाच्या मृत्यूला एका लोकशाहिराचं गाणं कारणीभूत ठरवलं जातं आणि खटला चालत राहतो. न्यायालयातली खरी संथ चाल त्यात आहे: तारखा, जुन्या कायद्यांची कलमं, टेबलावरचे गठ्ठे. कॅमेरा लांबून, न हलता, हे सगळं बघत राहतो. एवढं नेमकं लिहायला ताम्हाणे यांनी प्रत्यक्ष न्यायालयांत बसून काढलेला काळ लागला, आणि तो काळ त्यांना मिळाला कारण अभिनेते विवेक गोम्बर यांनी पटकथा लिहीपर्यंत त्यांना दरमहा पैसे दिले. पुढे गोम्बर स्वतःच निर्माते झाले आणि त्यांनी बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत नंतर आली. व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात ‘कोर्ट’ सर्वोत्तम ठरला, पदार्पणाचा पुरस्कारही त्यालाच, मग सुवर्णकमळ. या कथेतला सर्वांत मोलाचा पैसा कोणता, असं कुणी विचारलं तर मी दरमहाच्या त्या पैशांकडे बोट दाखवीन. चित्रपटाच्या एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ असेल, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

‘द डिसायपल’ यायला सहा वर्षं लागली. ख्याल गायकीत पूर्ण आयुष्य ओतूनही आपण मोठे गायक होणार नाही हे हळूहळू उमगत जाणाऱ्या शरद नेरुळकरची ही गोष्ट. आदित्य मोडक हे प्रशिक्षित गायकच त्या भूमिकेत आहेत. निर्माते पुन्हा गोम्बरच. मधल्या काळात ताम्हाणे यांना रोलेक्सच्या गुरू-शिष्य योजनेतून अल्फोन्सो क्वारोन यांच्यासोबत ‘रोमा’च्या चित्रीकरणात राहता आलं आणि क्वारोन ‘द डिसायपल’चे कार्यकारी निर्माते झाले. ‘मॉन्सून वेडिंग’नंतर जवळपास दोन दशकांनी भारतीय चित्रपट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत आला आणि त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. पटकथेचा, ही गोष्ट मला विशेष वाटते. तो चित्रपट लेखनावर तोललेला आहे, आणि ते लेखन सहा वर्षांचं आहे.

नागराज मंजुळे यांनी हे गणितच बदलून टाकलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा मुलगा कवी म्हणून आधी ओळखला गेला. अहमदनगरला संज्ञापनाच्या अभ्यासक्रमात असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ (२०१३) मध्ये कैकाडी समाजातल्या जब्याचं प्रेम आणि डुक्कर पकडण्याची नामुष्की समोरासमोर येतात. शेवटी त्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. ‘फँड्री’मागे नीलेश नवलाखा आणि विवेक कजारिया होते. या निर्मात्यांनी त्या काळात ‘शाळा’सारख्या चित्रपटांनाही हात दिला, हे नोंदवलंच पाहिजे. मग २०१६ मध्ये ‘सैराट’. अनोळखी मुलं, सोलापूरकडची बोली, आणि शंभर कोटींच्या घरातली कमाई. मराठीने हा आकडा तोवर पाहिलेला नव्हता.

‘सैराट’ला स्वतंत्र चित्रपट म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो, कारण त्यामागे झी स्टुडिओ होता. माझ्या मते तो लिहिला गेला तो ‘फँड्री’ लिहिणाऱ्या माणसाच्या मनातूनच. शेवटची ती काही मिनिटं, पार्श्वसंगीत पूर्ण बंद करून, एखाद्या स्टुडिओच्या बैठकीत सुचणारी नाहीत. यशानंतर मंजुळे यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट केला, आणि आपला छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यंकट्टी दिग्दर्शक झाला त्या ‘नाळ’ची निर्मिती केली. स्वतःच्या दिग्दर्शनाचा पुढचा मोठा चित्रपट ‘झुंड’ मात्र २०२२ साली आला आणि हिंदीत. इतकं यश मिळूनही दोन चित्रपटांमधलं अंतर सहा वर्षांचंच राहिलं. पैशाची चणचण संपली की लिहायला लागणारा वेळ कमी होतो, असं काही दिसत नाही.

बाकीच्यांचे मार्ग थोडक्यात सांगतो. उमेश कुलकर्णी आणि लेखक-अभिनेते गिरीश कुलकर्णी या जोडीने ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ अशी चार वर्षांत रांग लावली. त्यातली ‘विहीर’ मला आजही सर्वांत जवळची. ‘देऊळ’ला सुवर्णकमळ मिळालं, ‘हायवे’ २०१५ मध्ये आला आणि मग उमेश कुलकर्णी लघुपटांकडे, पुण्यातल्या ‘अरभाट’ लघुपट क्लबच्या कामाकडे अधिक वळले. अविनाश अरुण हे छायाचित्रकार असल्यामुळे दोन चित्रपटांच्या मधे त्यांच्या हाताला काम राहिलं. बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने गौरवलेला ‘किल्ला’, मग ‘पाताल लोक’ ही मालिका, मग ‘थ्री ऑफ अस’. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकली. धनगराच्या भटकंतीवरचा तो कणखर चित्रपट पाहताना ती जमीन सारखी आठवत राहते. जमीन एकदाच विकता येते, आणि म्हणून या मार्गाचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. गजेंद्र अहिरे यांनी अगदी वेगळं केलं: स्वतः भराभर लिहायचं, कमी दिवसांत चित्रित करायचं आणि एकापाठोपाठ चित्रपट काढत राहायचं. त्यांच्या कामाचा दर्जा चढउताराचा आहे, पण ते कधी थांबले नाहीत.

या सगळ्या नावांत दिग्दर्शिका किती कमी आहेत हे लपत नाही. विजया मेहतांच्या ‘स्मृतिचित्रे’नंतर सातत्याने स्वतः लिहून दिग्दर्शन करणारी बाई म्हटलं की पहिलं नाव भाव्यांचंच येतं. विनावेतन लेखनाची वर्षं घर सांभाळून काढणं बाईला किती अवघड जातं, हे वेगळं सांगायला नको.

दोन चित्रपटांमधल्या वर्षांचा प्रश्न गोव्यातही असाच दिसतो. लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर ‘पलतडचो मुनिस’ हा कोंकणी चित्रपट केला. २००९ मध्ये टोरोंटोला त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, पणजीत भरतो, एनएफडीसीचा फिल्म बाजारही तिथेच भरतो, म्हणजे जगभरचे खरेदीदार दरवर्षी मांडवीच्या काठी येतात. तरीही कोंकणीत सलग चित्रपट करणं आजही कठीणच आहे, कारण प्रेक्षकसंख्या लहान आणि पडदे मोजके.

पडद्यांचा प्रश्न मराठीतही तितकाच तीव्र आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचे खेळ देण्याचा आग्रह धरला. तरी लहान चित्रपटाला पहिल्या आठवड्यात सकाळचा किंवा भरदुपारचा एखादा शो मिळतो, आणि कुणाच्या तोंडून नाव कानावर पडेपर्यंत तो उतरलेला असतो. मग ओटीटी आलं. महामारीच्या काळात त्याने अनेकांना तारलं, पण मराठीतले लहान चित्रपट विकत घेण्याची त्या कंपन्यांची उत्सुकता टिकली नाही. राज्याच्या अनुदान योजनेत बरीच वर्षं अ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असं प्रमाण होतं. लहान चित्रपटासाठी ही मोठी रक्कम आहे आणि तिने कित्येकांना कर्जातून सोडवलं. मात्र ती पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या निर्मात्याच्या हाती पडते. लिहीत बसलेल्या दिग्दर्शकापर्यंत त्यातलं काहीच येत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या दिवसांसाठी मुंबईहून गावी गेलेला तरुण, त्याचा जुना मित्र, आणि नातेवाइकांच्या लग्नाच्या चौकशा. कानवडे हे मूळचे इंटिरियर डिझायनर. लघुपट करत करत ते इथवर आले आणि ही पटकथा त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या कार्यशाळांमधून, सहनिर्मितीच्या बाजारांतून नेत नेत पक्की केली. भारत, ब्रिटन आणि कॅनडा इथल्या निर्मात्यांनी मिळून तो चित्रपट केला. ताम्हाणे यांना गोम्बर यांनी दिलेला वेळ कानवडे यांनी असा तुकड्यातुकड्यांनी मिळवला.

नव्या दिग्दर्शकांपुढे आज हीच वाट सर्वांत मोकळी दिसते, आणि तिच्यात एक मोठी अडचण आहे. या कार्यशाळांचे अर्ज, सारांश, पटकथेचे मसुदे इंग्रजीत लागतात. परदेशी सल्लागारासमोर आपल्या गोष्टीची बाजू इंग्रजीत मांडावी लागते. जेऊरसारख्या गावातल्या मुलाने बोलीत लिहिलेली पटकथा त्या टेबलापर्यंत पोचायला आधी कुणीतरी भाषांतरकार लागतो, आणि त्याचे पैसेही पुन्हा लेखकाच्याच खिशातून जातात. यावर एक उपाय सुचतो: राज्याच्या अनुदानातला थोडा भाग मराठीत लिहिलेल्या पटकथांसाठी, वर्षभराच्या मासिक मानधनाच्या स्वरूपात आणि चित्रीकरणाची अट न घालता ठेवता येईल. निवड करणाऱ्या समितीत दिग्दर्शक आणि कादंबरीकार असावेत. पहिल्या चित्रपटाला राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्यांचा दुसऱ्या पटकथेसाठी आधी विचार व्हावा. एका अ दर्जाच्या चित्रपटाला मिळत होती तेवढ्या ४० लाखांत दहा जणांना वर्षभर महिना तेहतीस हजार देता येतात.